काशीदचा ‘व्ह्यू’ आणि मराठीचे डोळे

रेवदंड्याच्या पुलावरून कुंडलिकेची खाडी ओलांडली, कोर्लई मागे टाकलं, की रस्ता कधी समुद्राला खेटून तर कधी डोंगराला वळसा घालून काशीदकडे निघतो. गाडीत आम्ही पाच जण होतो. मागच्या सीटवरून आठवीतली भाची पाट्या मोठ्यानं वाचत होती. ‘घरगुती जेवणाची सोय’, ‘ताजी मासळी मिळेल’, ‘उकडीचे मोदक ऑर्डरप्रमाणे’. मग ओळीनं ‘सी-व्ह्यू रूम’, ‘सी-व्ह्यू कॉटेज’, ‘फुल सी-व्ह्यू’. जेवण मराठीत, मासळी मराठीत, समुद्र तेवढा इंग्रजीत. तिनं विचारलं, “मावशी, व्ह्यूला मराठीत काय म्हणतात गं?”

चार उत्तरं एकदम आली. आई म्हणाली, देखावा. बहीण म्हणाली, दृश्य. मी म्हटलं, नजारा. गाडी चालवणारे भावोजी वकिली करतात. ते म्हणाले, मत. चौघंही बरोबर होतो! पुढचे दोन दिवस पुळणीवर, जेवणाच्या ताटावर, झोपाळ्यावर आम्ही हाच खेळ खेळलो. घरी आल्यावर कोश काढून एकेक शब्द पारखून घेतला. त्यातलंच हे काही.

तो, ती आणि ते

पहिली गंमत लिंगाची. तो देखावा, ती नजर, ते दृश्य. भावोजींच्या बाजूलाही तसंच: तो अभिप्राय, ती धारणा, ते मत. तिन्ही लिंगं हजर. ‘व्ह्यू’ मराठीत आला तो मात्र पुल्लिंगी होऊन. “व्ह्यू मस्त आहे” याला “मस्त आहे ती व्ह्यू” असं कोणी म्हणत नाही. कुठल्या समितीनं हे ठरवलेलं नाही. मला वाटतं तो देखाव्याच्या पाटावर येऊन बसला आणि त्याचंच लिंग त्यानं घेतलं.

दुसरी गंमत अनेकवचनाची. “इथून व्ह्यू छान आहे” हे एकवचन डोळ्यांसाठी. “रीलला व्ह्यूज किती आले?” हे अनेकवचन मोजण्यासाठी. आणि “त्याचे व्ह्यूज फार ठाम आहेत” हे तिसरं, म्हणजे मतं. काशीदच्या किनाऱ्यावर ‘दोन व्ह्यूज’ आहेत असं मराठी माणूस कधीच म्हणणार नाही. शब्द उसना, पण तो कुठे, कसा आणि किती वापरायचा याचे नियम आपण आपले केले.

व्ह्यूज लाखांत मोजतात, आणि तिथे योगायोगानं एक जुनं नातं उजेडात येतं. लाख म्हणजे लक्ष. ‘इकडे लक्ष दे’ मधलं लक्षही मुळात तोच संस्कृत शब्द, अर्थ खूण किंवा निशाण. ज्यांना लक्ष व्ह्यूज मिळतात, त्यांना लक्षांचं लक्ष मिळतं!

व, ह आणि य

‘व्ह्यू’ लिहून पाहा. एका अक्षरात व, ह आणि य असे तीन व्यंजनांचे डबे जोडलेत, वर ऊकार. हिंदीत हाच शब्द बहुधा ‘व्यू’ असा लिहितात. मराठीनं ह का घातला? इंग्रजीतला तो आवाज वरचे दात खालच्या ओठावर टेकवून, हवा घासत काढतात. आपल्या साध्या ‘व’मध्ये ती घासणी नाही. मराठी कानाला त्यापेक्षा ‘व्ह’ जवळचा वाटला, आणि तो आपल्याकडे आधीपासून तयार होता: केव्हा, जेव्हा, व्हावं, नव्हे. म्हणून आपण व्हिडिओ, व्हॅन, व्ह्यू लिहितो. काशीदच्या पाट्यांवर ‘व्ह्यू’ही दिसला आणि ‘व्यू’ही. रंगवणाऱ्याच्या कानाप्रमाणे हात चालतो.

विद्येचा चुलतभाऊ

‘व्ह्यू’ इंग्रजीत फ्रेंचमधून आला. त्याचं मूळ लॅटिनमधल्या पाहणे या अर्थाच्या क्रियापदात आहे. त्याच क्रियापदाचं ‘मी पाहतो’ हे रूप आपल्या खिशातल्या फोनमध्ये रोज वाजतं: व्हिडिओ! त्याच्याही मागे गेलं, की भारतापासून युरोपपर्यंतच्या भाषांचं एक सामायिक मूळ लागतं, आणि त्या मुळाची संस्कृतमधली शाखा म्हणजे ‘विद्’, जाणणे. वेद, विद्या, विद्वान, विद्यार्थी ही सगळी तिथली मंडळी. म्हणजे ‘सी-व्ह्यू’मधला व्ह्यू आणि सरस्वतीपूजनातली विद्या एका कुळातल्या. पाहणं आणि जाणणं त्या जुन्या माणसांना एकच वाटत असणार. आजही आपण एखादी गोष्ट समजली की म्हणतो, “हां, आता दिसलं!”

भाचीला हे सांगितलं तेव्हा तिनं विचारलं, “म्हणजे व्ह्यू बघणं हा अभ्यास झाला?” तिच्या आईनं लगेच विषय बदलला.

ईक्ष् घराणं

मला सगळ्यात जास्त आनंद दिला तो ‘ईक्ष्’ या धातूनं. अर्थ साधा, पाहणे. पण त्याच्या पुढे एकेक उपसर्ग लावत जा, आणि सबंध मराठी जगणं समोर उलगडतं.

चारही बाजूंनी पाहिलं की परीक्षा. नीट, सम्यक् पाहिलं की समीक्षा. बारकाईनं पाहिलं की निरीक्षण. वरून पाहतो तो अधीक्षक, आणि इथे इंग्रजीनं अगदी तीच घडण केली आहे: सुपरवायझर म्हणजेही वरून पाहणारा. जो नुसता पाहायला बसतो तो प्रेक्षक. जे पाहण्याजोगं ते प्रेक्षणीय. पूर्वी एसटीच्या फलाटावर नि जिल्ह्याच्या नकाशावर ‘प्रेक्षणीय स्थळे’ असायची ती हीच. आता त्यांचे ‘टुरिस्ट स्पॉट’ झाले, पण ‘प्रेक्षणीय’मध्ये जी शिफारस आहे, बघण्यालायक आहे असं जे आतूनच सांगणं आहे, ते स्पॉटमध्ये नाही.

मग खरी कमाल. येणाऱ्याकडे डोळे लावले की प्रतीक्षा. दूरवर डोळे लावले, काहीतरी मिळावं म्हणून, की अपेक्षा. आणि जवळ असूनही पाहिलं न पाहिल्यासारखं केलं की उपेक्षा. अपेक्षा आणि उपेक्षा यांच्यात उपसर्ग तेवढा बदलला, तर केवढं अंतर पडलं! घरातल्या म्हाताऱ्या माणसांची उपेक्षा होते म्हणतात तेव्हा ती माणसं जवळच असतात, नजरेच्या टप्प्यातच असतात. हा शब्द घडवणाऱ्यानं माणसं फार बारकाईनं पाहिली असली पाहिजेत.

व्याकरणाच्या तासाला घोकलेली उत्प्रेक्षाही याच घरातली. एक गोष्ट पाहताना ती जणू दुसरीच आहे असं वाटणं. काशीदच्या पांढुरक्या वाळूवर ओहोटीनं सोडलेल्या रेघा पाहून आई म्हणाली, “जणू कुणी तांदळाच्या पिठाची रांगोळी हातानं पुसली आहे.” ही झाली उत्प्रेक्षा, सकाळी साडेसहाला, चहाआधी.

खरे नातेवाईक, खोटे नातेवाईक

दिसायला सारखे म्हणून शब्द भाऊ ठरत नाहीत. या खेळात सगळ्यात जास्त टाळ्या याच फेरीला पडल्या.

नजर आणि नजारा हे सख्खे, दोन्ही अरबीतल्या पाहण्याच्या मुळातले. पण नजराणा? तो वेगळ्याच घरचा. त्याचं मूळ नवस, अर्पण या अर्थाच्या अरबी शब्दात आहे. मूळ लिपीत दोघांचं मधलं अक्षरही वेगळं. मराठीत येताना दोन्ही ‘ज’ एक झाले आणि परके भाऊ दिसायला लागले.

मत आणि मतलब यांचाही काही संबंध नाही. मत हे संस्कृत ‘मन्’ म्हणजे विचार करणे यापासून, तर मतलब अरबी, मागणं किंवा शोधणं या अर्थाच्या मुळापासून. चहाची तलब येते ती तलब मतलबची बहीण. मतामागे मतलब असू शकतो, पण रक्ताचं नातं नाही.

पाहणे आणि पाहुणा? वाट पाहायला लावतो म्हणून पाहुणा, असं भावोजींनी फार आत्मविश्वासानं सांगितलं. खरं मूळ संस्कृत ‘प्राघुण’, प्राकृतात ‘पाहुण’. पाहण्याशी संबंध शून्य.

आणि माझा आवडता, दर्पण. दर्शनाचा भाऊ वाटतो ना? तो निघाला दर्प म्हणजे गर्वाच्या घरातला. ज्यात पाहून माणसाला स्वतःचा अभिमान वाटतो, तो दर्पण.

आरसा आणि मत

दर्पण म्हटलं की मराठी माणसाला एक तारीख आठवते: ६ जानेवारी १८३२. बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ त्या दिवशी मुंबईत निघालं, मराठीतलं पहिलं वृत्तपत्र. महाराष्ट्रात हा दिवस पत्रकार दिन म्हणून पाळतात. बाळशास्त्री कोकणातलेच, पोंभुर्ल्याचे. पत्र दोन भाषांत होतं, मजकूर मराठीत आणि इंग्रजीतही. म्हणजे ‘व्ह्यू’ आणि ‘मत’ यांची शेजारी शेजारी बसायची सवय जवळजवळ दोनशे वर्षांची आहे.

‘मत’ या शब्दाचं मला विशेष कौतुक वाटतं. इंग्रजीत विचाराला एक शब्द आणि मतपेटीत टाकायचं त्याला दुसरा. मराठीत दोन्ही मतच. मतदान म्हणजे शब्दशः आपलं मत देणं, विचार करून ठरवलेलं काही हातातून सोडणं. एकमत, मतभेद, बहुमत, जनमत, मतांतर ही सगळी रोजची मंडळी त्याच्याभोवती उभी आहेत. ‘मतभेद’ म्हटलं तरी माणसं जेवायला एका पंगतीत बसू शकतात. ‘मनभेद’ झाला तर नाही. एका अक्षराचा हा फरक मराठी माणसं भाषणात नि बैठकीत हटकून सांगतात.

इंग्रजी ‘इंटरव्ह्यू’मध्येही व्ह्यू आहे, एकमेकांना पाहणं. आपला शब्द मुलाखत, अरबीतला, मूळ अर्थ भेटणं. त्यांनी पाहिलं, आपण भेटलो. ‘रिव्ह्यू’ला तर आपल्याकडे जागेप्रमाणे कपडे बदलावे लागतात: पुस्तकाचं परीक्षण, कामाचा आढावा, निर्णयाचा फेरविचार, आणि भावोजींच्या कोर्टात पुनर्विलोकन याचिका. मागे वळून गेल्या वर्षाकडे पाहायचं तर सिंहावलोकन. सिंह चालता चालता मान वळवून मागची वाट न्याहाळतो, त्यावरून. पक्ष्यासारखं वरून पाहायचं तर विहंगावलोकन. एका व्ह्यूच्या बदल्यात आपल्याकडे सिंह नि पक्षी दोन्ही आहेत.

पाहणं आणि बघणं

तत्सम शब्दांची श्रीमंती एका बाजूला, पण मराठीचा खरा जीव पाहणे आणि बघणे या दोन साध्या क्रियापदांत आहे. त्यांच्याकडून आपण काय काय करून घेतो बघा. (हे वाक्यच बघा!)

थांबायचं असलं तर आपण वाट पाहतो. ज्या रस्त्यानं माणूस येणार तो रस्ताच डोळ्यांत घेऊन बसतो. प्रयत्न करायचा तर करून बघतो, चव घ्यायची तर खाऊन बघतो, ऐकायचं तेही ऐकून बघतो. डोळ्यांचा काही संबंध नसताना डोळे हजर. अंत पाहतो, नाडी पाहतो, मुहूर्त पाहतो, स्थळ पाहतो. “मी बघतो” म्हणजे जबाबदारी घेतो. “बघू” म्हणजे बहुतेक घेत नाही. आणि “बघून घेईन” ही धमकी! लहान मुलाला सांभाळायचं तरी “जरा बाळाकडे बघ गं” एवढंच म्हणतो, आणि त्या एका बघण्यात दूध, झोप, माश्या वारणं सगळं येतं.

बघ्यांची गर्दी म्हणतो त्यातल्या ‘बघ्या’ला तर तोडच नाही. त्याला काही करायचं नसतं, काही विकत घ्यायचं नसतं. तो फक्त बघतो.

रेवदंड्याजवळच्या चौलच्या बघ्यांचं एक फार जुनं वर्णन आहे. रशियातल्या त्वेरचा व्यापारी अफनासी निकितिन १४६९च्या सुमारास चौलला उतरला. तो इथली माणसं, त्यांचे कपडे, त्यांचं खाणं पाहून वहीत नोंदत होता, आणि त्यातच त्यानं हेही लिहून ठेवलं की आपण जाऊ तिथे लोक मागून येतात आणि गोऱ्या माणसाकडे नवलानं बघतात. पाहायला आलेलाच पाहण्याची गोष्ट झाला. रेवदंड्यात आज त्याचं स्मारक आहे. काशीदला जाताना ते वाटेवरच आहे. आम्ही थांबलो. शाळा सुटायची वेळ होती, आणि स्मारकाकडे बघणाऱ्या आमच्याकडे चार-पाच मुलं उभी राहून बघत होती.

टोक आणि पॉइंट

आपल्या डोंगरांवर ‘पॉइंट’ फार झाले. याच रायगड जिल्ह्यात माथेरान आहे. १८५० साली ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट तिथे चढून गेला, मग बंगले झाले, आणि डोंगराच्या प्रत्येक कडेला एकेक नाव मिळालं: पॅनोरमा पॉइंट, लुइझा पॉइंट, एको पॉइंट. आता मराठीत पॉइंट म्हणजे जिथून खाली पाहायचं ती जागा, असाच अर्थ रुळला आहे. काशीदच्या अलीकडे-पलीकडे रस्त्याच्या वळणावर चार गाड्या थांबतात नि फोन बाहेर येतात, तोही पॉइंट.

पण मॅलेटच्या खूप आधीपासून याच जिल्ह्यात, महाडजवळ रायगडावर, एक मराठमोळा व्ह्यू पॉइंट नावासकट उभा आहे: टकमक टोक. टोक म्हणजेच पॉइंट. आणि टकमक? टकमक पाहणं म्हणजे पापणी न लववता बघत राहणं. गुन्हेगारांचा कडेलोट तिथून करत, म्हणून त्या नावात भय आहे. पण नुसती घडण पाहा. ‘बघत राहावं असं टोक’ याला याहून नेमकं नाव कुठल्याही पर्यटन खात्याला सुचलं नसतं. शत्रूवर नजर ठेवायला होते ते टेहळणी बुरूज. तिथला पहारेकरी मजेसाठी बघत नव्हता. कोर्लईच्या पोर्तुगीजांच्या किल्ल्यावरून आज आपण ज्या खाडीच्या मुखाचे फोटो काढतो, तिथे कुठली शिडं शिरतात हे कुणीतरी डोळ्यांत तेल घालून पाहायचं. डोळ्यांत तेल घालून! हाही आपलाच शब्दप्रयोग.

दर्शन दिलं नाही, झालं नाही

दुसऱ्या दिवशी पहाटे फणसाडला गेलो. काशीदच्या पाठीशी डोंगरावर पसरलेलं हे अभयारण्य. पूर्वी मुरूड-जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान, १९८६पासून अभयारण्य. इथल्या पाणवठ्यांना ‘गाण’ म्हणतात, चिखलगाण वगैरे. किती गोड शब्द! इथे शेकरू आहे, आपला राज्यप्राणी, मोठी तांबूस-तपकिरी खार, जिची शेपूट अंगाहून लांब भासते.

आमच्याबरोबरच्या वाटाड्या दादांनी उंच फांदीवरचा पानांचा गोळा दाखवला, शेकरूचं घरटं. एक शेकरू अशी अनेक घरटी बांधतं. आम्ही माना वर करून अर्धा तास उभे. पानं हलली, एकदा काहीतरी उडी मारल्यासारखं झालं, आणि काहीच दिसलं नाही. दादा म्हणाले, “आज दर्शन नाही द्यायचं त्याच्या मनात.”

हेच ते. वाघ, शेकरू, विठोबा, यांना आपण नुसतं ‘पाहत’ नाही. ते दर्शन देतात, आपल्याला दर्शन होतं. वाक्याचा कर्ता बघणारा नसतो, दिसणारा असतो. ‘सी-व्ह्यू’ पैसे भरून मिळतो, खिडकी उघडली की मिळतो. दर्शन मिळेलच असं नाही, आणि म्हणूनच ते झालं की माणूस घरी जाऊन चार जणांना सांगतो.

आणि गाडीतल्या वादाचा निकाल इथेच लागला. आईचा देखावा आणि भावोजींचं मत, दोन्ही पोटात घेणारा एक शब्द मराठीत आहे का? आहे: दर्शन. सांख्य, योग, न्याय, वैशेषिक, मीमांसा, वेदान्त या सहा विचारपद्धतींना षड्दर्शनं म्हणतात. जगाकडे पाहण्याच्या सहा रीती. डोळ्यांनी पाहणं आणि मनानं पाहणं या दोन्हीला एकच शब्द. भावोजींनी गाडी सुरू करताना आईला म्हटलं, “चला, अर्धा अर्धा जिंकलो.”

वेध

अलिबागला एक जागा आहे, तिथून काहीच दिसत नाही आणि तरी जवळजवळ सव्वाशे वर्षं तिथे निरीक्षण चाललं आहे. चुंबकीय वेधशाळा. आधी हे काम मुंबईत कुलाब्याला चालायचं. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरल्यावर त्या विजेनं सुया भरकटतील म्हणून १९०४मध्ये ते अलिबागला हलवलं, आणि नवी इमारत चुंबकाला हलवेल असं काही न वापरता बांधली. पृथ्वीचं चुंबकत्व डोळ्यांना दिसत नाही, त्याचा वेध घ्यावा लागतो. वेध म्हणजे भेदणं, आरपार जाणं. ग्रहणाचे वेध लागतात, सुट्टीचे वेध लागतात, मासेमारीची बंदी संपत आली की होड्यांना समुद्राचे वेध लागतात. वस्तू अजून समोर आलेली नाही, पण मन तिथे पोचलं आहे. यासाठी इंग्रजीत काय म्हणायचं ते भाची अजून शोधते आहे.

किती दूरचं दिसतं?

आता हिशेब. पाण्याच्या पातळीपासून डोळा किती मीटर उंच आहे ते घ्या, त्याचं वर्गमूळ काढा, ३.५७ने गुणा. क्षितिज तितके किलोमीटर दूर. पुळणीवर उभं राहिलं, डोळा दीड मीटरवर, तर क्षितिज साधारण ४.४ किलोमीटर. खाली बसलं तर जेमतेम ३. म्हणजे काशीदची पुळण जेवढी लांब, तेवढंच. दुमजली घराच्या गच्चीवर, डोळा ९ मीटरवर, जवळजवळ ११. आणि १०० मीटरच्या डोंगरावर चढलात तर जवळपास ३६ किलोमीटर! क्षितिज ही रेघ तुमच्या डोळ्यांची आहे, समुद्राची नाही. तुम्ही उठलात की ती मागे सरकते.

म्हणून एक प्रयोग करा, आम्ही केला. संध्याकाळी वाळूवर आडवं व्हायचं. सूर्याची शेवटची कोर बुडाली की झटकन उभं राहायचं. काही सेकंद कोर परत दिसते! एका संध्याकाळी दोन सूर्यास्त. आभाळ स्वच्छ हवं आणि गुडघे बरे हवेत. आईनं दुसरा सूर्यास्त बघायचं नाकारलं, पण आम्ही उठताना ती खूप हसली.

यातही एक मेख आहे. सूर्य क्षितिजाला टेकलेला आपल्याला दिसतो, तेव्हा सरळ रेषेत पाहिलं तर तो जवळजवळ सगळाच खाली गेलेला असतो. हवेत प्रकाश वाकतो, त्यामुळे तो वर उचललेला दिसतो. दिसतं तसं नसतं, हे आपल्या माणसांनी भौतिकशास्त्राच्या पुस्तकाआधीच म्हणून ठेवलं आहे.

दृ, दृ आणि दृ

पाट्या रंगवणाऱ्यांसाठी आणि रील करणाऱ्यांसाठी, पटकन. दृश्य म्हणजे ‘श’, शहाळ्याचा. दृष्टी म्हणजे ‘ष’, षटकोनाचा. ‘दृष्य’ असं काही नाही. दृष्टी एकटी असली की दीर्घ, पण समासात आधी आली की ऱ्हस्व: दृष्टिकोन, दृष्टिक्षेप. कवी दीर्घ, कविराज ऱ्हस्व, तसंच. आणि कोनामधला न नळाचा, बाणाचा नाही. शेवटी तो कोनच आहे, पाहण्याचा. ‘दृष्ट’ लागते ती वेगळी, तिच्यासाठी मीठ-मोहऱ्या.

मोकळा व्ह्यू

एक गोष्ट या खेळात बसत नव्हती, पण ती सांगायलाच हवी. आम्ही राहिलो त्या घरी काकूंना मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, समुद्र दिसेल अशी खोली आहे का. त्या म्हणाल्या, “आहे ना. पुढच्या खोलीतून दर्या दिसतो, मागच्या खोलीतून वाडी. वाऱ्याला मागची बरी.” आम्ही अर्थातच पुढची घेतली. रात्रभर खिडकी आदळत राहिली आणि खारट दमटपणानं चादरी चिकटल्या. कोकणातली जुनी घरं समुद्राकडे छाती काढून उभी नसतात, माडा-पोफळींच्या आड बसलेली असतात, त्याचं कारण त्या रात्री अंगावर आलं.

सकाळी पडवीत चहा घेताना बहीण म्हणाली, “काकू, तुमच्याकडून व्ह्यू किती मोकळा आहे!” काकूंनी हातानं दाखवलं. इथे माड होते, तिथे पोफळी, पलीकडे सुरूची रांग. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, आणि एका दुपारी वाडी आडवी झाली. पोफळ लावली की सुपारी धरायला पाच-सात वर्षं तरी लागतात. काकूंनी पुन्हा रोपं लावलीत. कमरेएवढी, डोक्याएवढी, काही त्याच्याही वर गेलेली. आम्हाला मोकळं दिसत होतं ती जागा रिकामी झालेली होती. बहिणीनं कप खाली ठेवला आणि काकूंबरोबर वाडीत गेली. परत आली तेव्हा तिला कुठलं रोप केव्हा लावलं ते पाठ झालं होतं.

पारणं

निघायच्या आदल्या संध्याकाळी भरती होती. डाव्या-उजव्या हाताच्या खडपांवर लाटा फुटत होत्या, वर पाण्याचा धूर. सूर्य लाल नव्हता, पिकल्या सुपारीच्या केशरी रंगाचा होता. शेजारी मुंबईहून आलेला एक तरुण फोनवर कुणाला तरी सांगत होता, “काय व्ह्यू आहे यार!” आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “डोळ्यांचं पारणं फिटलं.”

भाचीनं लगेच विचारलं, पारणं म्हणजे काय. आईनं सांगितलं, एकादशीचा उपास द्वादशीला सोडतात ना, ते पारणं. जेवणाचा पहिला घास. “मग डोळ्यांनी कधी उपास केला होता, आजी?” आई म्हणाली, “तुझे आजोबा गेल्यापासून घराबाहेर कुठे पडले होते गं मी.” भाची तिच्याजवळ सरकून बसली. अंधार पडेपर्यंत दोघी तिथेच होत्या.